200 तास झाले, पण कधी झाले?

कमर्शियल पायलटच्या लायसन्सला उड्डाणाचे 200 तास लागतात, हे आता परभणीतल्या चहाच्या टपरीवरही माहीत आहे. त्या आकड्याची काळजी करू नका. विमान शिकवणारी शाळा तो पुरा करूनच घेते, तिला पैसे तासावर मिळतात. काळजी करायची ती तारखांची. आमच्या मोठ्या भाच्याच्या वेळी घरादाराने, मी धरून, नुसती बेरीज पाहिली. आता धाकटी भाची निघाली आहे, तिच्यासाठी काढलेलं हे टाचण.

बारावीला फिजिक्स-मॅथ्स, वय 18, पासपोर्ट. हे सांगायला नको. नावाचं मात्र बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. हे एकसारखं नसलं की डीजीसीएचा, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याचा, कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक) अडतो, आणि तो नंबर नाही तर एकही पेपर देता येत नाही. गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणीही करून ठेवा. लातूर, नांदेड, धाराशिवचं काम लातूरच्या विभागीय मंडळात. बीड, परभणी, जालना, हिंगोलीचं छत्रपती संभाजीनगरला. दहावी परभणीला आणि अकरावी-बारावीला पोरगं लातुरात नेऊन ठेवलेलं असेल, आणि आपल्याकडे निम्म्यांचं असंच असतं, तर दोन्हीकडे चकरा धरून चाला.

मेडिकल आधी, सातबारा नंतर. वैमानिकाची वैद्यकीय तपासणी दोन टप्प्यांत: आधी क्लास 2 होतं, मग क्लास 1. रंग ओळखण्यात, कानात, ईसीजीत काही निघालं तर ते इथेच निघू द्या. क्लास 1 चा कागद हातात येईपर्यंत जमिनीचा इसार घेऊ नका, बँकेत गहाणखत करू नका. फी एकरकमी तर मुळीच भरू नका, कितीही सवलत देतो म्हणाले तरी.

शाळा बारामतीची असो, धुळ्याची असो की गोंदियाची, विचारायचं एवढंच: आज उडण्याच्या स्थितीत विमानं किती, शिकवणारे किती, पोरं किती. आणि रात्री दिवे लागणारी धावपट्टी इथेच आहे, की रात्रीच्या फ्लाइंगला दुसरीकडे पाठवता? हा शेवटचा प्रश्न उगं विचारायचा म्हणून नाही. कामून, ते पुढे कळेल.

आता 200 ची फोड. त्यातले किमान 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर. त्या 100 पैकी किमान 15 तास अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले. किमान 20 तास पायलट-इन-कमांड म्हणून क्रॉस-कंट्री, म्हणजे घरची धावपट्टी सोडून लांबची उड्डाणं, त्यात एक फेरी किमान 300 नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण 556 किलोमीटरची, आणि त्या फेरीत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. चाकं टेकवून परत उडालात तर ते धरत नाहीत. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडण्याचे, किमान 10 तास, त्यात सिम्युलेटरवरचे जास्तीत जास्त 5. रात्रीचे किमान 5 तास, आणि त्यात स्वतः केलेली 10 टेक-ऑफ, 10 लँडिंग. तीही सहा महिन्यांतली.

सहा महिने. दोनदा आलं ना वर? आमच्याकडे हेच राहिलं. मोजायचं ते अर्जाच्या तारखेपासून मागे. शेवटच्या उड्डाणापासून नाही, टेस्टपासून नाही, 200 पूर्ण झाल्याच्या पेढ्यांपासून तर नाहीच. समजा डिसेंबरात रात्रीचं फ्लाइंग उरकलं, मार्चात 200 भरले, मग एक पेपर अडकला, त्यात पाऊस आला आणि उड्डाणाची टेस्ट पुढे गेली. ऑगस्टात अर्जाला बसलात तर डिसेंबरची ती 10 लँडिंग लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, आहेत, पण मोजणीत नाहीत. मग भर पावसाळ्यात रात्रीचं विमान मागत फिरा, आणि त्या तासांचे पैसे पुन्हा मोजा. बेरीज 210 असो की 220, त्याने काही होत नाही.

म्हणून आधी अर्जाची तारीख ठरवा आणि तिथून उलटं या. रात्रीचं फ्लाइंग शेवटी ठेवा. त्या 100 मधले 15-20 तासही शेवटाला राखून ठेवा, आधीच उडवून मोकळे होऊ नका. ‘रिकामं विमान आहे, आत्ताच उरकून टाक’ असं शाळेत कोणी म्हणालं तर कॅलेंडर दाखवा. सहा महिने. भिंतीवर लिहा.

परदेशात शिकणाऱ्यांना हे जास्त छळतं. तिकडचं लायसन्स घेऊन येतात, इकडचे पेपर बाकी असतात, पेपर होईस्तोवर सहा महिने उलटतात आणि इथल्या शाळेत पुन्हा विमान भाड्याने घ्यावं लागतं. जायच्या आधी पेपर द्या. नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन, टेक्निकल, पासाला 70 टक्के. लातुरात बारावी काढलेल्या पोरांना पेपरची भीती सांगण्यात अर्थ नाही. रेडिओच्या तोंडी परीक्षेची सांगतो, तिथे हुशार पोरंही बोबडी वळून बसतात. मोठ्याने बोलायचा सराव आधीपासून करा.

आणखी एक. एवढ्या तासांवर लायसन्स मिळेल, पण कंपन्यांना इन्स्ट्रुमेंट रेटिंगही, म्हणजे उपकरणांवर उडण्याची वेगळी परवानगी, हवं असतं, आणि त्याला 50 तास क्रॉस-कंट्री पायलट-इन-कमांड म्हणून लागतात, इन्स्ट्रुमेंटचे 40. म्हणजे वरचे 20 आणि 10 पुरत नाहीत. सोलोचे तास घरच्या धावपट्टीभोवती घिरट्या घालत संपवू नका, लांब जा.

नातेवाइकांपैकी कोणीतरी 1500 तासांचा मेसेज पाठवेलच. तो अमेरिकेचा नियम. 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून 50 माणसं गेली, त्यानंतर तिथे को-पायलटलाही साधारणपणे 1500 तास लागू झाले. गंमत अशी की त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास 1500 च्या वरच होते. आपल्याकडे 1500 लागतात ते एटीपीएलला, म्हणजे पुढे कॅप्टन व्हायचं तेव्हा. आत्ता मनावर घेऊ नका.

लॉगबुक रोज भरा, रोज सही घ्या. एकही मिनिट फुगवू नका; 2011 साली बनावट कागदांवर लायसन्स काढलेल्यांना अटका झाल्या आहेत. दर महिन्याला प्रत्येक रकान्याची वेगळी बेरीज करा, आणि सहा महिन्यांच्या आतलं किती ते पेन्सिलने बाजूला लिहा.

पुढचं झटपट. दिवसाची 250 नॉटिकल मैलांची आणि रात्रीची 120 ची क्रॉस-कंट्री टेस्ट, शिवाय दिवसा-रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट. यांच्याही तारखा जपा, तेच सहा महिने. मेडिकल वर्षाचं असतं, ते मध्येच संपू देऊ नका. अर्ज भरण्याआधी डीजीसीएचा त्या दिवशीचा नियम स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका. टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायच्या परवानगीचे, पैसे नोकरीचं पत्र येईपर्यंत भरू नका. एअरबस की बोइंग, ते कंपनी ठरवते.