इंदूरहून पुण्याला रात्रीच्या स्लीपरने, सोबत व्हीलचेअर असेल तर

ट्रेनचं तिकीट मिळत असेल तर ट्रेननेच जा, हे आधीच सांगून टाकते. दिव्यांग कोच असतो, सोबतच्या माणसालाही भाड्यात सवलत असते आणि टॉयलेट गाडीतच असतं. पण दिवाळी, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, लग्नसराई म्हटलं की पुणे गाडीची वेटिंग कुठल्या कुठे जाते आणि मग उरते रात्रीची स्लीपर बस. आमचा दादा व्हीलचेअर वापरतो, पायांत ताकद नाही, हातांत भरपूर आहे, आणि निम्मे नातेवाईक पुण्यात, त्यामुळे हा प्रवास आमच्या घरात ठरलेला. जे उपयोगी पडतं ते लिहितेय.

आपल्याकडे सरकारी बस हा पर्यायच नाही. मध्य प्रदेशचं परिवहन निगम बंद करायचं 2005 मध्येच ठरलं, तेव्हापासून सगळं प्रायव्हेट. महाराष्ट्राची एसटी सरवटे बस स्टँडला येते, तिच्यात 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर 75 टक्के सवलत आहे, पण ती महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी, आपण इंदूरवाल्यांनी ती गृहीत धरून पैसे मोजून नेऊ नयेत. आणि 600 किलोमीटर बसून जाणं पाठीचा त्रास असलेल्या माणसाला जमत नाही, म्हणून फिरून फिरून स्लीपरच.

आता खरं काम. ते बसमध्ये नाही, दोन-तीन दिवस आधी फोनवर असतं. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला फोन करून "व्हीलचेअरवाले पेशंट हैं, चलेगा क्या" असं विचारलंत की उत्तर एकच, "हो जाएगा भिया, आप तो आ जाओ". ह्या हो जाएगाला काहीही किंमत नाही, माणूस वाईट नसतो पण त्याने कधी विचारच केलेला नसतो. म्हणून हो-नाही वाले प्रश्न विचारूच नका. असं विचारा की त्याला उठून गाडीकडे बघावं लागेल: दरवाज्यात पायऱ्या किती, पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते की खाली, दांडी दोन्ही बाजूंना आहे का एकाच, खालच्या बाजूला पूर्ण स्लीपर आहेत की खाली सीटा आणि वर स्लीपर, डिक्कीत घडी केलेली व्हीलचेअर आडवी मावते का, त्या गाडीवर हेल्पर एक असतो की दोन. आणि दरवाज्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. फोटो पाठवतो तो ऑपरेटर निम्मा तरी कामाचा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी तर फोनच्या भानगडीत न पडता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच करावं, लिहिलेलं राहतं, नंतर भांडायला उपयोगी पडतं.

रेडबसवर, म्हणजे बसचं तिकीट काढायच्या अ‍ॅपवर, सीट बघताना लोक फक्त लोअर आहे एवढं बघतात. लोअर तर हवाच, पण मागच्या चाकावरचा आणि शेवटचा नको, तिथे गचके इतके बसतात की कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला कळतही नाही आणि सकाळी पाठीला जखम झालेली असते. दरवाज्यापासून दुसरा-तिसरा घ्या, कारण गाडीतली गल्ली इतकी अरुंद की व्हीलचेअर आत जातच नाही, दरवाज्यापासून बर्थपर्यंत माणसाला सरकत किंवा उचलून न्यावं लागतं, आणि प्रत्येक पाऊल महाग असतं. सोबत कोणी असेल तर सिंगलपेक्षा डबल लोअर बरा, थोडे पैसे जास्त जातात पण रात्री कूस बदलायला माणूस शेजारीच असतो.

एक गोष्ट ट्रॅव्हल्सवाले स्वतःहून सांगत नाहीत. ऐन वेळी गाडी बदलते. बुक केली मल्टीअ‍ॅक्सल (जास्त चाकांची मोठी गाडी), उभी असते दुसरीच, दरवाजा वेगळा, बर्थ वेगळा. म्हणून निघायच्या दिवशी दुपारी परत फोन, "गाडी वही है ना, नंबर क्या है". नंबर आणि कंडक्टरचा मोबाईल लिहून घ्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं, कारण रात्री नऊ-दहाला एकामागे एक चार गाड्या सारख्याच लागलेल्या असतात आणि सगळे हेल्पर एकदमच "पुना पुना" ओरडत असतात. एमपी 09 च्या पुढचे आकडे पाठ असले की कोणालाही विचारता येतं. पांढरी काठी डिक्कीत देऊ नका, बर्थवर आपल्याजवळच.

कुठून चढायचं ते पण ठरवा. घराजवळचं पिकअप पॉइंट सोयीचं वाटतं पण तिथे गाडी रस्त्यातच उभी राहते, मागून हॉर्न सुरू होतात आणि हेल्पर घाई करतो. जिथून गाडी सुटते तिथेच अर्धा-पाऊण तास आधी पोचा, गाडी तिथे रिकामी उभी असते, सगळ्यांच्या आधी चढा. ड्रायव्हरला सांगा की गाडी फुटपाथला किंवा ओट्याला लावून घे, पहिली पायरी लगेच खाली येते. ज्याच्या हातांत जोर आहे त्याने पायरीवर पाठमोरं बसून दोन्ही हातांनी स्वतःला एकेक पायरी वर ढकलत जावं. दादा असाच चढतो. कपडे खराब होतात, म्हणून एक जुनी चादर. उचलायचंच असेल तर दोन माणसं, एक मागून काखेखाली हात घालून पुढे कवळा घालणारा, दुसरा गुडघ्यांखाली धरणारा, आणि मोजणार कोण तर ज्याला उचलतायत तो. "मैं तीन बोलूं तब उठाना" हे आधीच सांगा. हाताला धरून ओढू देऊ नका, खांदा जातो. हेल्पर पोरं मनापासून मदत करतात, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नसतं कसं धरायचं.

व्हीलचेअर डिक्कीत द्यायच्या आधी उशी आणि फूटरेस्ट काढून आपल्याजवळ वर घ्या, ब्रेक लावा, दोरीने बांधा, वर जाड कागदावर नाव आणि मोबाईल नंबर चिकटवा. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वर ठेवायला सांगा, नाहीतर तिच्यावर कांद्याची पोती येतात, मी गंमत करत नाहीये, या गाड्यांत पार्सल भरपूर जातं. बॅटरीवाली असेल तर बॅटरी डिसकनेक्ट करा, जॉयस्टिक निघत असेल तर काढून घ्या.

रात्रीचं टॉयलेट, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. मानपूर, खलघाट, सेंधवा, मग घाट उतरून शिरपूर, धुळे, ह्या रस्त्यावर गाडी जेवायला एखाद्या ढाब्यावर थांबते, आणि ढाब्याच्या टॉयलेटला पायऱ्या असतात, ओलं असतं, दार अरुंद असतं. प्रत्येक वेळी उतरून चढायचं म्हणजे सगळी उचलाउचल परत. त्यापेक्षा युरिन पॉट किंवा अ‍ॅडल्ट डायपर घेऊन निघा, बर्थला पडदा असतो, लाजायचं काही नाही. लेग बॅग (पायाला बांधलेली लघवीची पिशवी) असेल तर थांब्यावर सोबतच्याने रिकामी करून आणावी. पाणी मात्र बंद करू नका, कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्यांनी तर अजिबात नाही, इन्फेक्शन पुण्यात गेल्यावर चार दिवसांनी कळतं. दर दोन तासांनी कूस बदला, मोबाईलवर व्हायब्रेशनचा अलार्म लावून ठेवा, गादीवर आपली एअर कुशन घाला.

आणि बर्थवर पडल्या पडल्या इमर्जन्सी एक्झिट कुठे आहे ते बघून ठेवा, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का ते पण. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात बस दरवाज्याच्या बाजूवरच उलटली आणि पेटली, 25 माणसं गेली. जो पटकन उठून पळू शकत नाही त्याने शेजारच्या एखाद्या धडधाकट माणसाला आधीच सांगून ठेवावं की मला चालता येत नाही. बोलायला विचित्र वाटतं पण बोला.

कायद्याचं थोडं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 41 मध्ये वाहतूक सुगम करायची जबाबदारी सरकारवर आहे, आणि केंद्राच्या मोटार वाहन नियमांत 1 मार्च 2020 पासून बसमध्ये राखीव सीट, काठी-कुबड्या ठेवायची सोय, व्हीलचेअर चढवायची आणि लॉक करायची व्यवस्था हे आलेलं आहे. कागदावर. रात्री दहा वाजता हेल्परला कलम ऐकवून काही होत नाही, पण कोणी चढवायलाच नकार दिला तर गाडीचा नंबर, तिकीट आणि ते व्हॉट्सअ‍ॅप घेऊन राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते, पैसे अडकले असतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सोबत ठेवाच. त्यावरचा पट्टा अपंगत्व 40 टक्के ते 80 च्या आत असेल तर पिवळा, 80 आणि त्याच्या वर निळा.

पुण्यात उतरायचं ठिकाण तिकीट काढतानाच ठरवा. गाडी पहाटे आली तर नाशिक फाट्यासारख्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला उतरणं अवघड, तिथे ट्रॅफिक आणि पहाटे रिक्षावाला पण घासाघीस करतो. संगमवाडीला जिथे प्रायव्हेट गाड्या लागतात तिथे उतरा, घरच्यांना तिथेच बोलवा, त्यांना लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा. कंडक्टरला अर्धा तास आधी उठवायला सांगा, उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. माणसाच्या आधी व्हीलचेअर खाली काढून, उघडून, चाकं फिरवून बघा आणि पायरीजवळ ब्रेक लावून उभी करा, मगच त्याला खाली आणा. आणि उशी बर्थवर राहिली नाही ना ते एकदा बघा, तोपर्यंत गाडी सोडू नका.