तुरीच्या धुळीनं शिंका येतात? आधी नाक धुवा, मग काढा घ्या

तूर काढायला मळणीयंत्र वावरात आलं की आमच्या घरी दोघांची नाकं वाहायला लागतात. कुटाराचा बारीक भुसा उडतो, डोळे चुरचुरतात, रात्रभर सटासट शिंका. असं झालं की जो तो काढ्याकडे धावतो. मी सांगेन, थोडं थांबा. काढा तिसऱ्या पायरीला येतो.

पहिली पायरी वहीची. शिंका कधी येतात ते आठवडाभर लिहा: कापूस वेचताना, कुटार भरताना, की बांधावरचं गाजर गवत उपटताना. कारण कळलं की निम्मं काम झालं. धुळीच्या कामाला जाताना नाका-तोंडावर ओला दुपट्टा बांधा. घरी आल्यावर आधी हात-तोंड धुऊन कपडे बदला, मगच अंथरुणावर टेका.

दुसरी पायरी नाक धुण्याची. पाव लिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्या, त्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवा. डोकं बाजूला कलवून, तोंडानं श्वास घेत, वरच्या नाकपुडीतून हळूहळू ओता. पाणी दुसरीतून बाहेर येईल. मग बाजू बदला. पाणी उकळलेलंच हवं, विहिरीचं किंवा बोअरचं थेट वापरू नका. भांडंही दरवेळी स्वच्छ धुऊन वाळवा. धूळ नाकातच राहिली तर कोणतीही वनस्पती फार काही करू शकत नाही, म्हणून मी या पायरीवर इतकी अडते.

आता वनस्पती. अडुळसा आपल्याकडे कुंपणाला असतो. पानं इतकी कडू, की शेळीही तोंड लावत नाही. पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन त्याच्याच धर्तीवर बनलं. चार-पाच पानं दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवा, गाळा, कोमट झाल्यावर मध घालून दिवसातून एकदा घ्या. यानं कफ सुटतो. शिंका थांबवायला मात्र अडुळसा नाही, तशी अपेक्षा ठेवू नका. गरोदर बाईनं तो घेऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

हळद जेवणात, दुधात चालते. मिरपुडीबरोबर ती अंगी जास्त लागते. पण हळदीच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका. तुळस-आल्याचा चहा घशाला बरा वाटतो, तेवढंच.

गाजर गवत ज्यांना सोसत नाही त्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ते झेंडू, शेवंती, माका, अक्कलकारा यांच्याच कुळातलं. या वनस्पतींचा काढा किंवा चूर्ण अशा माणसाचा त्रास वाढवूही शकतं. म्हणून एका वेळी एकच नवी वनस्पती, थोडीशी, आणि दोन-तीन दिवस निरीक्षण.

आठवडी बाजारातल्या बिनलेबलच्या पुड्या घेऊच नका. ‘एका दिवसात आराम’ देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडलेली आहे.

धाप लागली, छातीत घरघर आली, ओठ किंवा चेहरा सुजला, तर काढा बाजूला ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. नुसत्या शिंकांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी मिळू शकते. तिनं काहींना झोप येते, म्हणून ती घेऊन ट्रॅक्टर चालवू नका.

आणि पुढच्या पावसाळ्यासाठी: गाजर गवत उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलावर येतं. जमीन ओली असतानाच, हातमोजे घालून, फुलण्याआधी मुळासकट उपटा. ज्याला त्याचा त्रास आहे, त्यानं मात्र हे काम घरातल्या दुसऱ्याकडे द्यावं.