कूलर बंद करा, मग पट्टी ओढा

मे महिन्यात शिकवणीला आलेल्या एका पोट्ट्याने कंगवा केसांवर घासघास घासला, पण त्याकडे ओढला जायला हवा तो कागदाचा कपटा जागचा हलेना. "मॅडम, हे काहून होत नाही?" मी खिडकीतल्या कूलरकडे बोट दाखवलं. नागपूरचा उन्हाळा कोरडाच असतो, पण कूलरच्या ओल्या हवेने वस्तूंवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार (घासल्याने वस्तूवर साठणारी स्थिर वीज, धन किंवा ऋण) निसटतो. डिसेंबरात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, ते दिवस यासाठी उत्तम.

मला कंगव्यापेक्षा चिकटपट्टी आवडते. वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्या, धरायला टोकं दुमडा, सनमायकाच्या टेबलावर शेजारी-शेजारी चिकटवा आणि झटकन ओढा. जवळ आणलेत तर एकमेकींपासून पळतील, कारण दोघींवर सारखाच प्रभार आहे. आता एकीच्या पाठीवर दुसरी चिकटवा, जोडीवरून हळूच बोट फिरवा (आधीचा प्रभार घालवायला) आणि मग दोघींना फाडून वेगळं करा. या वेळी लपकन एकमेकींकडे झेपावतील. नवा प्रभार काही तयार झाला नाही. एकीने गमावलं, तेवढंच दुसरीने कमावलं.

तीच पट्टी भिंतीजवळ न्या. भिंतीलाही चिकटते! मग भिंत प्रभारित आहे का? इथे निम्मा वर्ग "हो" म्हणतो, आणि पेपरात ते खोडून माझं लाल पेन झिजलं. भिंत उदासीनच आहे, म्हणजे तिच्यात धन आणि ऋण प्रभार सारखेच आहेत. पट्टीमुळे भिंतीच्या रेणूंमधले धन-ऋण प्रभार किंचित सरकतात, विरुद्ध प्रभार जवळच्या बाजूला येतो आणि ओढ लागते. म्हणून आकर्षण हा पुरावा नव्हे. प्रभाराची खात्री प्रतिकर्षणावरूनच (दूर ढकललं जाण्यावरूनच) होते.

गणिताकडे वळू. कूलोमने 1785 मध्ये मांडलेला नियम: बल = 9×10⁹ × q₁q₂ ÷ r². इथे q₁, q₂ हे दोन प्रभार (कूलोम या एककात) आणि r हे त्यांच्यातलं अंतर (मीटरमध्ये). एकेक मायक्रोकूलोमचे (कूलोमचा दहा लाखावा भाग) दोन बिंदुप्रभार 10 सेंमी अंतरावर ठेवले तर बल 0.9 न्यूटन, म्हणजे सोललेल्या एका संत्र्याच्या वजनाएवढं. अंतर निम्मं केलं की 3.6. सेंटीमीटरचे मीटर न करणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही.

कोणती पट्टी ऋण, हे ओळखायचंय? प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासा, त्यावर ऋण प्रभार येतो. त्याच्यापासून जी दूर सरकेल ती ऋण. तेल चोपडून आला असाल तर लोकरी स्वेटरवर घासा.