आफ्रिकन व्हायोलेटला बी धरत नव्हतं

पांढऱ्या कडांची पानं आणि झालरीची जांभळी फुलं, दोन्ही एकाच रोपात हवी होती. ब्रशने पराग लावून पाहिले, कानकाडीने पाहिले, फूल गळायचंच. अकरा फुलं वाया, नुसता वैताग.

घोळ असा, की पिवळ्या परागपिशव्या सहसा आपणहून फुटत नाहीत. ब्रश कोराच फिरत होता!

पांढऱ्या कडांचं रोप आई केलं, कारण ही कड आईकडून उतरते. फूल उमलून चार-पाच दिवसांनी कुक्षी, म्हणजे फुलातलं पराग झेलणारं टोक, चिकट झाली. मग झालरवाल्याची पिशवी ब्लेडने चिरली, भुकटी नखावर झटकली, नख कुक्षीला टेकवलं. दोन आठवड्यांत बोंड फुगलं. पाच महिन्यांनी तपकिरी, सुकं झाल्यावर फोडलं. धुळीसारखं बी ओल्या कोकोपीटवर भुरभुरलं, वर माती घातली नाही, डबा झाकून उजेडात ठेवला. अठराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले.