रोल न वळता सुशी: ओव्हनमधला सुशी बेक

सुशी आवडते पण रोल वळायचा कंटाळा येतो ना, मग हे करा. २ कप सुशी राइस (आखूड दाण्याचा चिकट जपानी तांदूळ) धुवून शिजवायचा आणि गरम असतानाच त्यात पाव कप राइस व्हिनेगर, २ मोठे चमचे साखर, १ छोटा चमचा मीठ विरघळवून घालायचं, हलक्या हाताने हं, घोटलात तर लगदा होतो. डिशमध्ये भात पसरा, वर फुरिकाके, म्हणजे भातावर घालायचा जपानी कोरडा मसाला, भुरभुरा (नसेल तर भाजलेले तीळ आणि नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पातळ तावाचा, चुरा चालतो). शिजवलेला सॅमन नाहीतर क्रॅब स्टिक्स कुस्करून जपानी मेयो, क्रीम चीज, थोडा श्रीराचा (तिखट मिरची सॉस) घालून कालवा न् वर थापा. मेयो बेताने, नाहीतर सगळं तेलकट. २०० डिग्री सेल्सिअसला १५-२० मिनिटं, वरून लालसर होईपर्यंत. खाताना चमचाभर नोरीच्या तुकड्यात घ्यायचं, आधीच गुंडाळून ठेवलं तर नोरी चिवट होते.