गॅस गिझर पेटतो आणि विझतो? दुरुस्तीच्या नादात या चुका टाळा

गॅस गिझर पेटून लगेच विझू लागला की बहुतेक घरांत आधी सेल बदलले जातात, मग सिलिंडर हलवून पाहिला जातो आणि तरीही जमले नाही तर मेकॅनिकला फोन जातो. या घाईत एक साधी नोंद करायची राहून जाते, ती म्हणजे ज्योत नेमकी किती वेळाने विझते. मुळात ज्योत पेटतच नाही, पेटून काही सेकंदांत जाते, की चांगली दहा मिनिटे चालून मग जाते, या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी असतात.

नळ उघडल्यावर वाहणारे पाणी गिझरमधल्या रबरी पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, ढकलते. त्यामुळे एक छोटा स्विच दाबला जाऊन ठिणगी पडू लागते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत पेटली की बर्नरवरची संवेदक काडी ज्योतीतून वाहणारा अतिसूक्ष्म वीजप्रवाह ओळखते. तो प्रवाह मिळाला नाही, तर ज्योत नाही असे समजून सर्किट काही सेकंदांत गॅस बंद करते. ज्योत डोळ्यांना दिसत असूनही गिझर बंद पडतो, तो बहुधा या काडीवर काजळी किंवा गंज बसल्यामुळे. गॅस बंद करून, सेल काढून आणि गिझर गार झाल्यावर ही काडी बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसावी. मात्र ती वाकवू नये, कारण ती ज्योतीत नेमकी कुठे असावी हे ठरलेले असते.

सेलच्या बाबतीतही चुका होतात. बहुतेक गिझरमध्ये टॉर्चचे दोन मोठे सेल असतात आणि त्यांचे मिळून ३ व्होल्ट होतात. पुन्हा चार्ज होणारे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्याने त्यांतून जेमतेम २.४ व्होल्ट मिळतात. एक नवा आणि एक जुना सेल घालणे ही तर घरोघरीची काटकसर आहे. ठिणगीचा टकटक आवाज मंदावला असेल, तर दोन्ही अल्कलाइन सेल एकदम बदलावेत आणि सेलच्या डबीतील पत्र्यांवर साचलेली हिरवट-पांढरी पूड पुसून काढावी.

पाण्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. गच्चीवरची टाकी जवळ असल्याने वरच्या मजल्यावर दाब मुळातच कमी असतो. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार गिझरच्या तोंडाशी असलेल्या जाळीत आणि शॉवरच्या भोकांत साठले, की डायफ्रॅमला पुरेसा धक्का बसत नाही. आंघोळीच्या मध्येच गार पाण्याचा नळ मोठा केला की गिझरमधला प्रवाह मंदावतो आणि ज्योत जाते. दोष गिझरचा नसतो. अशा वेळी गार पाण्याचा नळ बारीक करून गिझरवरील पाण्याची आणि गॅसची बटणे जुळवून पाहावीत.

सिलिंडर नुकताच बदलला असेल, तर नळीत अडकलेली हवा निघून जाईपर्यंत गिझर एक-दोनदा पेटणार नाही, तेवढ्यासाठी काही उघडून पाहण्याची गरज नाही. सिलिंडर संपत आल्यावर तो आडवा करणे किंवा त्यावर गरम पाणी ओतणे हा प्रकार मात्र थांबवायलाच हवा. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो.

सर्वांत घातक चूक अगदी निरुपद्रवी वाटते. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने ज्योत विझते म्हणून लोक खिडकी लावून घेतात. बंद न्हाणीघरात बर्नर खोलीतलाच प्राणवायू वापरतो, ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना रंग असतो ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. गिझर सुरुवातीला नीट चालून काही मिनिटांनी विझत असेल, ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल किंवा डोके जड होत असेल, तर तो पुन्हा पेटवू नये, लगेच बाहेर यावे. काही मॉडेलमध्ये ठरावीक मिनिटांनी बंद करणारा टायमर असतो, काहींत प्राणवायू कमी झाल्याचे ओळखणारा संवेदक असतो. विझण्यामागे यांपैकी काय आहे हे माहितीपत्रकात पाहावे. वारंवार बंद पडतो म्हणून संवेदकाच्या तारा परस्पर जोडून देणारे कारागीर मी पाहिले आहेत. तसे करू देऊ नये. गिझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवून न्हाणीघरात केवळ गरम पाण्याचा पाइप आणणे हा खरा उपाय आहे.

सोसायटीत पाइपचा गॅस आल्यावर जुना गिझर त्यालाच जोडला असेल, तर सेल किंवा जाळी तपासण्यात वेळ घालवू नये. सिलिंडरचा गॅस आणि पाइपमधला नैसर्गिक वायू यांचा दाब आणि उष्मांक वेगवेगळे असल्याने बर्नरचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या तोट्या, त्या वायूसाठीचेच लागतात. जे मॉडेल असे बदलता येत नाही, ते काढून टाकावे लागते. कोणत्याही जोडणीनंतर सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. सिलिंडरच्या गॅसची गळती आढळल्यास रेग्युलेटर बंद करावा, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.