मुलांसाठी जुना लॅपटॉप: कमी खर्चात कामाचा कसा करायचा

जुना लॅपटॉप सुरू करावा, हातपाय धुऊन यावं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असतं. मग घरात ठरतं, हा गेला. पण ही मरगळ बहुतेक वेळा प्रोसेसरची नसते, आत गरगरणाऱ्या हार्ड डिस्कची असते. ती काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली, धूळ साफ केली आणि हलकी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, की आठ-दहा वर्षांचं यंत्र शाळेचा अभ्यास, चित्रं, थोडं प्रोग्रॅमिंग एवढं आरामात ओढतं. खर्च फुगतो तो चुकीचा लॅपटॉप उचलल्यामुळे, म्हणून आधी पारख.

१. घेण्याआधी: खिशात पेन ड्राइव्ह ठेवा

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मोफत मिळते. ती दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करून रूफस किंवा बलेनाएचर या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती फाइल कॉपी करून चालत नाही. विकणाऱ्यासमोरच लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबायचं. कंपनीगणिक कळ बदलते. आतल्या डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालते, त्यामुळे वायफाय, आवाज, कॅमेरा, यूएसबीची भोकं सगळं तिथल्या तिथे तपासता येतं. टेक्स्ट एडिटर उघडून एकूणएक कळ दाबा. हे काम मुलाला सांगा. आपण घाईत चार कळा सोडतो, मुलं सोडत नाहीत.

मिंटमधल्या पॉवर मॅनेजरच्या ‘डिव्हाइसेस’मध्ये बॅटरीचे दोन आकडे दिसतात: नवी असताना ती किती ऊर्जा धरायची आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर किती धरते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली असेल तर बॅटरी थकली आहे. तेवढ्यावरून लॅपटॉप नाकारू नका. मूल टेबलापाशी चार्जर लावून बसणार असेल तर थकलेली बॅटरी चालते, आणि भाव पाडून मागायला कारणही मिळतं.

मात्र तीन गोष्टी दिसल्या की हात जोडून निघा. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरताना पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसला, तर विषय संपला. कचेऱ्यांतून बाद झालेल्या यंत्रांवर असं कुलूप राहून जातं आणि ते काढणं किफायतशीर नसतं. दुसरं, बिजागर. झाकण उघडताना कोपऱ्यातलं प्लॅस्टिक फाकत असेल तर ते महिनाभरात तुटणार. तिसरं, टचपॅड वर उचललेला किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय, म्हणजे आत बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता. घरातल्याच जुन्या लॅपटॉपचं असं झालं असेल तर चार्जिंग ताबडतोब बंद करा. बॅटरीला टोचू-दाबू नका, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

प्रोसेसरच्या पिढीबद्दल विकणारे बरंच ऐकवतात. इंटेलचं नाव वाचायला सोपं आहे: आय५-६२००यू म्हणजे सहावी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे पाचव्या-सहाव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप स्वस्तात निघतात. लिनक्स टाकायचं असेल तर नेमके तेच आपल्या कामाचे. विंडोजच हवं असा शाळेचा आग्रह असेल तरच आठवी पिढी शोधा.

२. पैसे कुठे घालायचे

पहिला पैसा एसएसडीवर. हार्ड डिस्कला प्रत्येक बारीक फाइल शोधायला १० मिलिसेकंदांच्या वर लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतके. सिस्टिम सुरू होताना अशा हजारो फाइली उघडाव्या लागतात. ते गोल चक्र फिरतं ते त्यामुळे. २.५ इंची, साटा प्रकारच्या जोडणीची २४० जीबीची एसएसडी मुलाला पुरते. त्याहून महाग आणि वेगवान घेऊन जुन्या यंत्रात फरक पडत नाही.

दुसरा पैसा रॅमवर (चालू काम तात्पुरतं धरणाऱ्या मेमरीवर), तोही ४ जीबी असेल तर ८ करण्यापुरता. इथे चूक होते ती प्रकारात. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसतच नाहीत. पण डीडीआर३ (१.५ व्होल्ट) आणि डीडीआर३एल (१.३५ व्होल्ट) बसतात सारख्याच, आणि बऱ्याच लॅपटॉपना एल-वालीच चालते. जुनी पट्टी बाहेर काढून तिच्यावरचं लेबल वाचा आणि तशीच घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर डाखलेली असते. तिथे वाढवायची सोय असेलच असं नाही. हे लॅपटॉप घेण्याआधीच मॉडेल नंबरवरून शोधून ठेवावं.

चार्जर बदलायचा असेल तर व्होल्टचा आकडा जुन्याइतकाच हवा, अँपिअरचा तेवढाच किंवा जास्त चालतो. बाकी पडद्यावरचा एखादा ठिपका, झाकणावरचे ओरखडे, उडालेली अक्षरं यांवर खर्च करू नका. ओरखड्यांवर मूल स्टिकर लावतंच.

३. उघडायचा कसा

मॉडेलचं नाव टाकून तो उघडण्याचा व्हिडिओ आधी एकदा अखेरपर्यंत बघा. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. कागदावर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच जागी खोचून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वरच्या बाजूने डोकं काढतो. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो, तो विसरून झाकण ओढू नका. फटीत लोखंडी पाना घालण्यापेक्षा जुनं प्लॅस्टिकचं कार्ड फिरवा.

झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवा. मग एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि पुढे जा. चपट्या रिबन वायरींशी सांभाळून. पहिल्यांदा उघडला तेव्हा मी कीबोर्डची रिबन सरळ ओढली. तिला धरून ठेवणारी काळी पट्टी आधी नखाने उचलायची असते हे ठाऊक नव्हतं. पट्टी तुटली, आणि एसएसडीचे वाचवलेले पैसे कीबोर्डात गेले.

पंख्याकडे नीट बघा. नुसता पंखा पुसून भागत नाही. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीची घट्ट चादर साचलेली असते, चिमट्याने सोलली तर एका तुकड्यात निघते. ती निघाली की लॅपटॉप तापणं आणि घरघरणं दोन्ही उतरतं. हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, पंखा भन्नाट फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळली असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. यंत्र तापत नसेल तर ते राहू द्या.

तारीख दर वेळी मागे जात असेल तर सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझर चांगल्या वेबसाइटलाही असुरक्षित म्हणू लागतो आणि लोक वायफायला दोष देत बसतात. हा सेल उघडा टाकू नका. लहान मुलाने गिळला तर जिवावर बेततं.

४. सिस्टिम टाकणे

पुन्हा तोच पेन ड्राइव्ह. मिंटचं किमान २ जीबी रॅमवर भागतं, ४ असली तर बरं. इन्स्टॉल करताना मराठी कीबोर्डही निवडून ठेवा. मुख्य खातं तुमचं. मुलाचं खातं वेगळं आणि ‘स्टँडर्ड’ प्रकारचं, म्हणजे तुमच्या पासवर्डशिवाय त्याला नवं काही बसवता येणार नाही. लहानग्यांसाठी जीकॉम्प्री (शिकवणारे खेळ, २ ते १० वर्षं) आणि चित्रं काढायला टक्स पेंट, मोठ्यांना लिहिण्या-हिशेबाला लिब्रेऑफिस आणि प्रोग्रॅमिंगला ब्राउझरमध्येच चालणारं स्क्रॅच. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस (वेबसाइटचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून १.१.१.३ टाकलं तर प्रौढांसाठीच्या बऱ्याच साइट अडतात. सगळ्या नाही, त्यामुळे लॅपटॉप बैठकीच्या खोलीतच राहिलेला बरा.

काढलेली हार्ड डिस्क यूएसबीच्या डबीत घाला, ती बॅकअपला उपयोगी पडते. मात्र आधी ती पूर्ण पुसा, झटपट फॉरमॅट नव्हे. आधीच्या मालकाचे फोटो तुमच्या मुलाला सापडता कामा नयेत.